चाहूल लागणारी घरं

डोंबिवलीतल्या त्या घराच्या दारावर मी टकटक केली आणि दाराखालच्या फटीतून आतला दिवा लुकलुकताना दिसला. दार उघडलं ते घरातल्या बाईंनी. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मला सांकेतिक भाषा येत नाही, म्हणून आमचं सगळं बोलणं त्यांच्या मुलीच्या मध्यस्थीने झालं. ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दाराचा हा दिवा तिनेच केलाय.

बेल दाबली की दिवा लागतो, अशी सोय या घरात आधीपासून होती. अडचण वेगळीच होती. बेल दाबायचा तो फक्त कुरिअरवाला. दूधवाला, इस्त्रीवाला, शेजारची मुलं सरळ दार वाजवतात आणि वाट पाहून निघून जातात. मुलीने दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या उंचीवर, एक पितळी चकती चिकटवली. दाराच्या लाकडातून थापेचा जो हादरा येतो तो ही चकती पकडते. आधी ती चौकटीवर लावली होती, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांचं दार आपटलं तरी इकडे दिवा लागायचा, कारण भिंत एकच. चौकटीवरून दाराच्या फळीवर आणली आणि प्रश्न सुटला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘बदलतं घर’ हा विषय दिला, तेव्हा बोलून पंखे लावणाऱ्या आणि पडदे सरकवणाऱ्या महागड्या घरांबद्दल लिहायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. मला ते सेन्सर पाहायचे होते ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, फक्त काहीतरी हललं एवढंच कळतं. काय हललं, कशामुळे हललं, त्यावर काय करायचं, हे सगळं घरातल्या माणसांनी ठरवायचं. महाराष्ट्रातल्या काही घरांतून फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय की या सेन्सरना इतकं थोडं कळतं, हाच त्यांचा मोठा गुण आहे.

थाप आणि शिट्टी

डोंबिवलीच्या घरात अशी दुसरी चकती स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आहे, ग्रॅनाइटला खालून चिकटवलेली. ती कुकरच्या शिट्ट्या मोजते. पूर्वी कुकर लावला की बाईंना गॅससमोर उभं राहून वाफेवर नजर ठेवावी लागायची. पोळ्या लाटतानाही मान वळवायची सोय नाही. आता शिट्टी झाली की ओट्यावरचा छोटा दिवा एकदा चमकतो आणि तिसऱ्या शिट्टीनंतर लागलेलाच राहतो.

हे जुळवायला मुलीला बराच वेळ लागला. ओट्यावर मिक्सर फिरतो, खलबत्ता चालतो, डबे आपटतात, आणि प्रत्येकाचा हादरा चकतीला पोचतो. तिने सगळ्यांच्या नोंदी घेतल्या. मिक्सर सुरू झाला की थरथर एकसारखी लांबत जाते. खलबत्त्याचा ठोका तुटक असतो, मधे पूर्ण शांतता. शिट्टीचं वजन उचललं जातं तेव्हा थरथर अचानक सुरू होते, काही सेकंद टिकते आणि वाफ उतरली की विरते. हा कालावधीच तिने खूण म्हणून धरला. फार छोटा हादरा सोडून द्यायचा, फार लांबलेलाही सोडून द्यायचा, मधला तेवढा मोजायचा. मी बसलो होतो तेव्हा वरणभात लागला होता. दिवा तिसऱ्यांदा लागल्यावर बाईंनी आमच्याकडे पाठ असतानाच हात मागे नेऊन गॅस बंद केला.

पितळी चकतीवर जो पांढुरका थर असतो तो पिझो-सिरॅमिकचा. तो दाबला किंवा वाकवला की त्यात वीज निर्माण होते. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार येतो, हे जॅक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं. आपल्या स्वयंपाकघरात हे तत्त्व रोज वापरलं जातं. गॅसचा लायटर टक्कन दाबतो तेव्हा आतली हातोडी अशाच पदार्थावर आदळते, क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. लायटरमध्ये दणका मोठा म्हणून ठिणगी. दारावरच्या चकतीला थाप हलकी म्हणून जेमतेम एखादा व्होल्ट. तो मोजायला शे-दोनशे रुपयांची एक इलेक्ट्रॉनिक पट्टी पुरते.

तपकीर गल्लीत

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही या उद्योगाची माहेरघरं. तपकीर गल्लीत दुपारी उभं राहिलं की इंजिनिअरिंगची पोरं, टीव्ही दुरुस्त करणारे आणि आता निवृत्तीनंतर हौस करणारे आजोबा एकाच काउंटरवर दिसतात. ‘पीआयआर द्या’ म्हटलं की दुकानदार न विचारता एचसी-एसआर-५०१ काढून देतो. पांढरा घुमट, खाली हिरवी पट्टी, तिच्यावर स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे दोन प्रीसेट. एकाने संवेदनक्षमता ठरते, दुसऱ्याने दिवा किती वेळ लागलेला राहायचा ते. किंमत शंभराच्या आसपास. ‘व्हायब्रेशन’ म्हटलं की एसडब्ल्यू-४२० निघतो, त्याहून स्वस्त. त्याला फक्त हललं की नाही एवढंच सांगता येतं. कुठल्या दिशेला आणि किती हललं हे हवं असेल तर एमपीयू-६०५० घ्यायचा. नखाएवढ्या त्या चिपमध्ये सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं वस्तुमान असतं, आणि ते किती सरकलं हे विजेच्या भाषेत बाहेर येतं.

मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं ते याच जातीच्या चिपमुळे. अँड्रॉइड फोनमधल्या अशा चिपा वापरून भूकंपाचा इशारा देणारी यंत्रणा भारतात २०२३ मध्ये सुरू झाली. टेबलावर स्थिर पडलेला एक फोन हादरला तर कोणी टेबलाला धडकलं असेल. एका भागातले असंख्य फोन एकाच वेळी हादरले तर जमीन हलली आहे. १९६७ चं कोयना आणि १९९३ चं किल्लारी आठवणाऱ्या आपल्या राज्यात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकट्या सेन्सरला अर्थ कळत नाही, दोन-चार खुणा जुळल्या की कळतो. घरातही नेमकं हेच करायचं असतं.

त्या खुणा जुळवायला घरात एक छोटा संगणक लागतो. बहुतेक हौशी मंडळी ‘होम असिस्टंट’ ही मोफत, मुक्त प्रणाली वापरतात. पाउलस स्खाउट्सन यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. ती घरातल्याच रास्पबेरी पायवर चालते. इंटरनेट गेलं तरी दिवा लागायचा थांबत नाही आणि तुमच्या घरात कोण कधी उठलं याची नोंद परक्या देशातल्या सर्व्हरवर जात नाही. माझ्या लेखी दुसरं कारण पहिल्याहून महत्त्वाचं.

नळाला पाणी आलं!

वॉशिंग मशीनला हादऱ्याचा सेन्सर लावून कपडे धुऊन झाल्याचा निरोप मोबाइलवर मिळवणं, हा या छंदातला जगभरचा पहिला धडा. मशीन थरथरायचं थांबलं, पुढची पाच मिनिटं थांबलेलंच राहिलं, म्हणजे काम झालं. मधे भिजत ठेवायला ते थांबतं, म्हणून ती पाच मिनिटं. उपयोगी आहे, पण आपल्याकडच्या घरांची खरी तहान वेगळी आहे.

मराठवाड्यातल्या एका शहरात एक शिक्षक राहतात. त्यांच्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या खंडाने येतं आणि वेळ ठरलेली नसते. रात्री अडीचला आलं तर अडीचला उठायचं, मोटर लावायची, टाकी भरायची. वर्षानुवर्षं त्यांच्या सौभाग्यवती नळाची तोटी उघडी ठेवून खाली पत्र्याची बादली लावून झोपायच्या. बादलीत धार पडल्याचा आवाज हाच गजर. ‘झोप कसली, कान बादलीत,’ त्या म्हणाल्या.

सरांनी मीटरच्या पुढच्या लोखंडी पाइपला पिझो चकती केबल टायने आवळली आणि वरून जुन्या गादीचा स्पंज गुंडाळला. पाणी येण्याआधी पाइपातून हवा सुटते, ती फुरफुरते, पाइप थरथरतो. चकतीला हे पाण्याच्या आधी कळतं. सुरुवातीला मात्र ट्रक गेला की गजर, शेजाऱ्यांची बोअरची मोटर लागली की गजर. स्पंजाने ट्रकचा त्रास कमी केला. बोअरवर सरांनी काढलेला उपाय मला फार आवडला. त्यांनी दुसरी चकती कुंपणाच्या भिंतीवर लावली. भिंत आणि पाइप दोन्ही थरथरले तर ती शेजाऱ्यांची मोटर. भिंत शांत आणि पाइप एकटाच वीस सेकंदांपेक्षा जास्त थरथरला, तर पाणी आलं. मग घरात गजर होतो आणि गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपोआप ‘पाणी आलं’ असा निरोप पडतो.

मोटर आपोआप लावायची सोय सरांना सहज करता आली असती, पण त्यांनी ती केली नाही. पाइपात नुसतीच हवा असली तर मोटर कोरडी चालून जळते, आणि पहिलं पाणी गढूळ असतं, ते टाकीत घ्यायचं नाही हे डोळ्यांनी बघूनच ठरवावं लागतं. म्हणून उठायचं माणसानेच.

मे महिन्यात आंधळा होणारा सेन्सर

सोसायटीच्या जिन्यात आपण पाऊल ठेवताच जो दिवा लागतो, त्यात बहुधा पीआयआर असतो. त्याला हालचाल अशी थेट कळत नाही, त्याला सरकणारी ऊब कळते. माणसाच्या अंगातून सुमारे १० मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी सतत बाहेर पडत असतात. सेन्सरच्या आत त्या टिपणारे दोन तुकडे शेजारी शेजारी, उलटसुलट जोडलेले असतात. खोली हळूहळू तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होऊन तो आपसात वजा होतो. माणूस समोरून आडवा गेला तर ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि त्या चढउतारावर दिवा लागतो. वरच्या घुमटाला पैलू असतात, ते समोरच्या जागेचे कप्पे पाडतात. म्हणून आडवं चालणारा माणूस पटकन कळतो आणि सरळ सेन्सरच्या रोखाने येणारा उशिरा. काचेतून या लहरी जात नाहीत, त्यामुळे खिडकीआड लावलेला पीआयआर अंगणासाठी निरुपयोगी.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तिथल्या एका घराच्या गच्चीवर जाणाऱ्या जिन्यातला दिवा नेमका उन्हाळ्यातच लागेनासा व्हायचा. रात्री दहा वाजता सगळे गाद्या घेऊन वर निघाले की अंधार. सेन्सर बदलून झाला, तरी तेच. कारण सेन्सरमध्ये नव्हतंच. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री निवत निवत ३४-३५ अंशांवर येतात आणि माणसाच्या कातडीचं तापमानही साधारण तेवढंच. पार्श्वभूमी आणि माणूस दोघांची ऊब सारखी झाली की सेन्सरपुढून माणूस गेला काय न गेला काय, त्याला फरक दिसत नाही. भर दुपारी भिंत अंगाहून जास्त तापते तेव्हा तोच सेन्सर पुन्हा काम करतो, कारण आता माणूस त्याला थंड डागासारखा दिसतो.

तिथल्या धाकट्या भावाने विचारच बदलला. जिना लोखंडी आहे, पाऊल पडलं की दणकतो. त्याने पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या खालून हादऱ्याचा सेन्सर स्क्रूने कसला. उन्हाचा आणि त्याचा काही संबंध नाही. मांजर चढली तर दिवा लागत नाही, मूल चढलं तर लागतो, इतपत संवेदनक्षमता त्याने प्रीसेट फिरवून साधली. पहिल्या पायरीनंतर शेवटची वाजली म्हणजे माणूस वर गेला. एवढ्यावरून दिवा आपोआप मालवतो.

याच घरात पीआयआरची एक सुंदर जागा पाहिली, पलंगाच्या खाली. आजोबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. खोलीत वर सेन्सर लावला तर कूस बदलली तरी उजेड व्हायचा आणि आजींची झोपमोड. आता सेन्सर पलंगाखाली जमिनीकडे तोंड करून आहे आणि घुमटाच्या काही पैलूंवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावलीय. आजोबांचे पाय पलंगाखाली उतरले की फक्त जमिनीलगतची एलईडी पट्टी मंद लागते. चप्पल दिसते, न्हाणीघराची वाट दिसते, पलीकडे झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर काही येत नाही.

डब्यातली गांधीलमाशी

पीआयआरची सर्वांना ठाऊक असलेली खोड म्हणजे माणूस स्थिर बसला की तो नाहीसा झाला असं समजणं. ऑफिसच्या स्वच्छतागृहात अंधारात हात हलवायची वेळ पुष्कळांवर आली असेल. त्यावरचा एक उपाय म्हणजे रडार. एलडी-२४१० नावाचं छोटं रडार २४ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून श्वासाबरोबर हलणारी छातीसुद्धा ओळखतं. त्याची समोरची जागा पाऊण-पाऊण मीटरच्या पट्ट्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक पट्टीची संवेदनक्षमता वेगळी ठेवता येते. आपल्याकडे याचा मोठा शत्रू म्हणजे छताचा पंखा. पंखा फिरतोय तोवर रडारला खोलीत कोणीतरी आहेच असं वाटत राहतं. पातळ पार्टिशनपलीकडचा माणूसही त्याला जाणवतो.

दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे आणि मला तो जास्त आवडतो. जगभरच्या हौशी मंडळींत त्याला डब्यातली गांधीलमाशी म्हणतात. डब्याचं झाकण लावल्यावर आत एकदा जरी गुणगुण ऐकू आली, तरी माशी आत आहे. पुढे ती गप्प बसली तरी झाकण उघडेपर्यंत ती आतच असणार. बाथरूमच्या दाराला एक चुंबकी सेन्सर आणि आत एक साधा पीआयआर. दार बंद झाल्यावर आत एकदा हालचाल झाली की दार उघडेपर्यंत दिवा मालवायचाच नाही. इथे कुठलाही सेन्सर सुधारलेला नाही. दार उघडल्याशिवाय माणूस बाहेर पडू शकत नाही, ही साधी गोष्ट तेवढी यंत्रणेला सांगितलीय.

पडवीतला झोपाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत सत्तरी ओलांडलेल्या काकू एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. त्याने कॅमेरे लावायचं ठरवलं होतं. काकूंनी साफ नकार दिला. ‘मी काय दिवसभर पदर सावरत बसू? आणि सून शेजारी असेल तर तीही बघणार, मी चहा किती वेळा घेते ते,’ त्या मला म्हणाल्या. मग मुलाने आईचा दिवस कसा जातो ते नीट विचारून घेतलं. सकाळी मागचं दार उघडून तुळशीला पाणी, मग चुलीपाशी, मग चहा घेऊन पडवीतल्या झोपाळ्यावर. ही शेवटची गोष्ट चुकत नाही.

सेन्सर झोपाळ्याच्या पाटाखाली चिकटवावा असं कोणालाही वाटेल. मुलाने तसंच केलं होतं, पण आकडे काही केल्या नीट येईनात. यामागे शाळेतल्या लंबकाचं गणित आहे. पाट पुढे-मागे जातो तेव्हा तो झोक्याच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाबरोबरच सरकत असतो, त्यामुळे पाटावरच्या चिपला ती हालचाल जवळपास जाणवत नाही. तीच चिप वर, तुळईच्या आकड्याजवळ, पहिल्या कडीला बांधली की तिथे सरकणं नगण्य आणि कलणं पुरेपूर. काकूंच्या झोपाळ्याच्या कड्या अडीच मीटर लांब आहेत. अशा झोपाळ्याच्या एका झोक्याला सव्वातीन सेकंदांच्या जवळपास लागतात, मग बसणारा जाड असो की बारीक. मुलाच्या लॅपटॉपवर मी ती रेघ पाहिली, सव्वातीन सेकंदांची एकसारखी लाट, अधूनमधून काकूंनी पायाने दिलेल्या रेट्यामुळे उंचावणारी. वाऱ्याने झोपाळा हलतो तेव्हा रेघ बारीक आणि वेडीवाकडी येते. दोन्हींत गफलत होत नाही.

सकाळी नऊपर्यंत मागचं दार, स्वयंपाकघर, झोपाळा या तिन्हींपैकी कुठूनच काही कळलं नाही तर निरोप जातो. म्हणजे इथे बातमी आहे ती न हलण्याची, आणि तिथेच खरी मेख आहे. काकू पडल्या असतील तर शांतता असेल. पण सेन्सरची बॅटरी संपली, पावसात लाइन गेली, मोडेम बंद पडला, मुंग्यांनी डबीत घर केलं, तरीही शांतताच असेल. म्हणून प्रत्येक सेन्सर काही हललं नाही तरी तासातासाला ‘मी जागा आहे’ एवढं कळवतो. हेही कळेनासं झालं तर मुलाला वेगळा निरोप येतो, की घराची माहिती मिळत नाही, फोन करून बघ. वृद्धांसाठी असं काही बसवणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगेन. ‘आई ठीक आहे’, ‘आई ठीक नसेल’ आणि ‘मला कळत नाही’ ही तीन उत्तरं देता आली पाहिजेत. तिसरं उत्तर नसलेली यंत्रणा बसवू नये.

कॅमेरा नाही म्हणजे खासगीपण आपोआप जपलं, असंही मानू नये. रात्री कितीदा उठलं, सकाळी किती उशीर झाला, हे नुसत्या दाराच्या नोंदींवरून कळतं. काकूंनी त्यासाठी अटी घातल्यात. न्हाणीघरात आणि देवघरात काही लावायचं नाही. मुलाला दिसतं ते सगळं त्यांच्याही मोबाइलवर दिसलं पाहिजे. दाराशी एक बटण आहे, ‘गावाला गेले’. त्या चिपळूणला भाचीकडे निघाल्या की ते दाबतात, आणि परत येऊन पुन्हा दाबेपर्यंत घर काही नोंदवत नाही. ते बटण कधी दाबायचं हे त्यांच्या मर्जीवर आहे. कधीकधी घरी असूनही दाबते, असं त्यांनी मला हसत सांगितलं आणि मुलालाही ते ठाऊक आहे.

शेवटची अट निरोप कोणाला जायचा याबद्दल होती. मुलाने स्वतःचा नंबर पहिला टाकला होता. काकू म्हणाल्या, ‘अरे, तू पुण्याहून येईपर्यंत संध्याकाळ होईल. आधी शेजारच्या वहिनींना कळू दे, त्या गडगा ओलांडून दोन मिनिटांत येतील. मग तुला.’ आता क्रम तसाच आहे. वहिनींच्या मोबाइलमध्ये त्या निरोपाचा आवाज वेगळा ठेवलाय, आणि काकूंच्या मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असते.